वळिवड्याची शाळा आणि हरवलेली वर्षे

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. तेथे उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांची पावले शेजारच्या गांधीनगराच्या घाऊक कापडबाजाराकडे वळतात. लग्नसराईत तर त्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. याच परिसरात १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असावे. त्या वसाहतीत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, आणि त्यांतील बहुतेक कॅथलिक होती. त्यांनी आपले चर्च उभारले, इस्पितळ चालविले, नाटके बसविली, बालवीर पथके काढली. आणि त्यांनी शाळा काढल्या. प्राथमिक तर काढल्याच, पण माध्यमिकही काढली. प्रस्तुत लेखात आम्हांला प्रामुख्याने त्या माध्यमिक शिक्षणाविषयी लिहावयाचे आहे. निर्वासितांच्या कथेत अन्न, वस्त्र आणि निवारा यांचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या बुडालेल्या इयत्तांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

ही माणसे कोल्हापूर संस्थानात आली कशी? १९३९ च्या सप्टेंबरात हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आले. पूर्व पोलंडमधील शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिकांची कुटुंबे अशा लाखो लोकांना १९४० च्या फेब्रुवारीपासून गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठविण्यात आले. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा कोठे मॉस्कोला लंडनमधील पोलिश सरकारशी करार करणे भाग पडले आणि या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल आंदर्स यांच्या सेनेबरोबर हजारो नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागले. तेथून कोणी हिंदुस्थानात आले, कोणी पूर्व आफ्रिकेत गेले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश अनाथ मुलांना आश्रय दिला, ही गोष्ट आता बऱ्यापैकी परिचित झाली आहे. वळिवडे ही त्यानंतरची आणि त्याहून कितीतरी मोठी वसाहत. बालाचडीचा आश्रम १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यालाच आली.

आता थोडे गणित करू. फेब्रुवारी १९४० मध्ये ज्या मुलाला दहावे वर्ष चालू होते, तो वळिवड्याला पोहोचला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा झालेला होता. मधल्या काळात त्याने लाकडे तोडली होती, भाकरीच्या रांगेत तो उभा राहिला होता, आणि कदाचित धाकट्या भावंडाला मूठमाती दिली होती. सोव्हिएत शाळेत तो गेला असलाच तर परक्या भाषेत चार अक्षरे शिकला होता. युद्धपूर्व पोलंडमध्ये सहा वर्षांची प्राथमिक शाळा, त्यावर चार वर्षांचे जिम्नॅशियम आणि शेवटी दोन वर्षांचे लिसियम अशी रचना होती. त्या रचनेप्रमाणे तो सरळ चालता, तर एव्हाना जिम्नॅशियमच्या वर्गात असता. प्रत्यक्षात त्याला तिसरी-चौथीचे गणित नीट येत नव्हते. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला आठ वर्षांच्या मुलांशेजारी बाकावर बसवावे काय, हा प्रश्न वसाहतीतील शिक्षकांपुढे पहिल्याच दिवशी उभा राहिला असणार. ज्यांनी आपल्याकडच्या रात्रशाळांत कधी शिकविले आहे, त्यांना त्या प्रश्नाची धार समजेल. मोठा मुलगा लहानांच्या वर्गात फार दिवस बसत नाही. तो एके दिवशी येईनासा होतो, आणि त्याच्या घरी जाऊन विचारले तर तो कामाला लागलेला असतो.

पोलिश निर्वासितांनी यावर जो उपाय शोधला तो साधा होता: वर्षे एकत्र बांधावयाची. मध्यपूर्वेत पोलिश सेनेने किशोरवयीन मुलांसाठी ज्या शाळा चालविल्या, त्यांत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात पुरा करून घेण्याची पद्धत रूढ झाली होती. छावण्यांतील शाळांतही, ज्याची जशी तयारी तशी त्याची इयत्ता, हाच व्यवहार सोयीचा होता. साधने मात्र तुटपुंजी. क्रमिक पुस्तके थोडी, त्यांतली काही जेरुसलेममध्ये छापून आलेली; एका पुस्तकावर अनेक मुले. पदवीधर शिक्षक पुरेसे नव्हते, म्हणून ज्या स्त्रीला जो विषय येत होता तो तिने शिकवावयाचा. काही मुलामुलींना माउंट अबू, कराची आणि पाचगणी येथील मिशनरी शाळांत इंग्रजी शिक्षणासाठी पाठविण्यात आले. एवढ्या अवघड परिस्थितीत वळिवड्याहून मुले शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडली आणि पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे गेल्यावर त्यांतील अनेकांनी उच्च शिक्षण घेतले. घाईचे शिक्षण म्हणजे कच्चे शिक्षण, असा जो समज आपल्याकडे आहे, त्याला हे एक ठळक उत्तर आहे. चौदा वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलापेक्षा अक्षरे आणि आकडे लवकर उचलते. भरपूर सोसलेले मूल तर आणखी लवकर उचलते, जर त्याला रात्री झोप येत असेल तर.

तरीही त्या शाळेत एक मोठी उणीव होती आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. ती शाळा परतीच्या प्रवासासाठी होती. पोलिश भाषा, पोलिश इतिहास, पोलंडचा भूगोल हे सारे परत जाण्याच्या भरवशावर शिकविले जात होते. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे त्यांची पूर्वेकडील गावे सोव्हिएत संघाला देण्याचे ठरले आणि त्याच वर्षीच्या जुलैत इंग्लंड व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावे शाळेचे दाखले निघत होते, ते सरकारच जगाच्या लेखी उरले नाही. भूगोलाच्या तासाला शिक्षिकेने फळ्यावर त्या दिवशी कोणता नकाशा काढला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते, कारण ती आपल्या मातीतली आहे. वसाहतीच्या पलीकडे वळिवडे गाव होते, उचगाव होते, कोल्हापूर शहर होते. याच संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला होता आणि जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली होती. त्यांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. तरीही १९४३ साली आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्याच्या मुलाला माध्यमिक शाळा सहजी मिळत नव्हती. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर नवी माध्यमिक शाळा उघडली, पण ती त्याच्यासाठी नव्हती. तो वसाहतीत भाजी, अंडी विकावयास जाई, चार पोलिश शब्द शिके आणि संध्याकाळी परत येई. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. भाषा वेगळी, परीक्षा वेगळी, मुक्काम तात्पुरता, आणि खर्च परक्या सरकारच्या नावावर. परंतु पाच वर्षे शेजारी राहूनही दोन्हीकडची मुले एका बाकावर बसली नाहीत, एवढे खरे. वसाहत उठली तेव्हा शाळाही उठली.

पोलिश मंडळी गेल्यावर त्या रिकाम्या बराकींत नवे निर्वासित आले, तेही त्याच १९४८ च्या सुमारास. फाळणीने उखडलेले सिंधी लोक ते. त्यांच्या वस्तीचेच पुढे गांधीनगर झाले. सिंधी समाजाने शिक्षणाच्या बाबतीत जो मार्ग धरला तो निराळा होता. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले; १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू झाले. घरदार गमावलेल्या तरुणांची वर्षे वाया जाऊ नयेत, हा त्यामागचा तातडीचा हेतू. पण दारे त्यांनी सर्वांना उघडी ठेवली. आज वांद्रे, खार, सांताक्रूझच्या किती कॅथलिक घरांतील मुलांनी निर्वासितांनी काढलेल्या त्या महाविद्यालयातून पदवी घेतली आहे, याची मोजदाद कोणी केलेली नाही. केली तर आकडा लहान निघणार नाही. पाहुण्याची शाळा यजमानाच्याही कामी येऊ शकते, याचा पुरावा आपल्याच गल्लीत आहे.

वळिवड्याच्या कथेचा आणखी एक धागा समुद्रापलीकडे जातो. इराणहून निघालेल्या त्याच पोलिश कुटुंबांपैकी काही हजार माणसे युगांडात पोहोचली. मासिंदीजवळ न्याब्येया येथे आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी कोजा येथे त्यांच्या वसाहती होत्या. एकीची बहीण वळिवड्याला आणि दुसरी मासिंदीला, अशाही ताटातुटी झाल्या असतील. न्याब्येयाच्या रानातही शाळा भरली, आणि तेथे त्यांनी पोलंडची राणी म्हणून पवित्र मरियेच्या नावाने बांधलेले चर्च अद्याप उभे आहे. युगांडाच्या भूमीवरील निर्वासितांचा आधुनिक इतिहास या पोलिश वसाहतींपासून सांगतात. पुढे रवांडाचे तुत्सी आले, कांगोचे लोक आले, आणि पुन्हा पुन्हा सुदानचे. ज्या प्रश्नावर वळिवड्याच्या शिक्षकांनी आपल्यापुरते उत्तर शोधले होते, तो प्रश्न याच देशात पुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

उत्तर युगांडाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नाईल नदीच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांतील लोक १९७९ साली इदी अमीनची सत्ता कोसळल्यानंतर स्वतःच निर्वासित होऊन दक्षिण सुदानात व झाईरमध्ये पळाले होते. काही वर्षांनी ते परतले, आणि मागोमाग त्यांना आसरा देणारे सुदानी लोक युद्धामुळे त्यांच्या दारी आले. म्हणून तेथे पाहुणा आणि यजमान हे शब्द आपण वापरतो तितक्या सहजतेने वापरता येत नाहीत. युगांडा सरकारने निर्वासितांना कुंपणात न ठेवता जमिनीचा तुकडा देण्याचे धोरण ठेवले. १९९९ मध्ये अजुमानी, मोयो आणि अरुआ या भागांत शाळा व दवाखाने दोन्ही समाजांना मिळून असावेत अशी योजना हाती घेतली गेली. २००६ च्या निर्वासित कायद्याने त्यांना फिरण्याचा व काम करण्याचा हक्क दिला.

या ठिकाणी ख्रिस्तसभेचा हातभारही सांगितला पाहिजे. व्हिएतनामहून नौकांतून पळालेल्या लोकांचे हाल पाहून येशूसंघाचे त्या वेळचे सर्वोच्च अधिकारी फादर पेद्रो आरुपे यांनी १४ नोव्हेंबर १९८० रोजी येशूसंघीय निर्वासित सेवेची स्थापना केली. आरुपे हे हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या दिवशी त्या शहराच्या वेशीवर होते आणि त्यांनी आपल्या संघगृहाचे इस्पितळ केले होते. उद्ध्वस्त माणसे त्यांनी वृत्तपत्रांतून पाहिलेली नव्हती. या सेवेने १९९० च्या दशकात उत्तर युगांडातील सुदानी निर्वासितांत जे काम उचलले, त्यात माध्यमिक शाळांना मोठे स्थान होते. त्या काळी हा निर्णय अनेकांना उधळपट्टीचा वाटे. छावणीत पाणी नाही आणि तुम्ही बीजगणित काय शिकविता, असे विचारणारे शहाणे तेव्हाही होते व आताही आहेत. त्यांना एवढेच दाखवावे की दक्षिण सुदानच्या प्राथमिक शाळेत शिकवायला जो शिक्षक हवा, तो माध्यमिक शिक्षणाशिवाय येणार कोठून?

२०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानात यादवी पेटली आणि २०१६ च्या जुलैत ती पुन्हा भडकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युगांडात बिडीबिडीची वसाहत उघडली आणि काही महिन्यांतच तेथे दोन लाखांहून अधिक माणसे झाली. त्याच २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने प्रसिद्ध केलेला आकडा असा: जगातील किशोरवयीन मुलांपैकी ८४ टक्के माध्यमिक शाळेत जातात, निर्वासित किशोरांपैकी केवळ २२ टक्के.

युगांडात प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे, त्यावर चार वर्षांचे कनिष्ठ माध्यमिक व दोन वर्षांचे उच्च माध्यमिक. ज्यांचे वय वाढून गेले आहे, त्यांच्यासाठी प्राथमिकची सात वर्षे तीन वर्षांत बसविणारे वर्ग तेथे चालतात. पहिल्या टप्प्यात पहिली ते तिसरी, दुसऱ्यात चौथी-पाचवी, तिसऱ्यात सहावी-सातवी, आणि शेवटी इतरांप्रमाणेच प्राथमिक समाप्तीची राष्ट्रीय परीक्षा. यासच गतिमान शिक्षण म्हणतात. अशा वर्गांना काही समान शिस्त असावी म्हणून २०१४ पासून अनेक संस्थांचा एक कार्यगट काम करीत आहे, आणि त्याने दहा तत्त्वे ठरवून दिली आहेत. त्यातील सर्वांत मोलाची बाब अशी, की शेवटी मिळणारे प्रमाणपत्र सरकारी मान्यतेचे असले पाहिजे. आपल्याकडे सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसणाऱ्या मुलाची गुणपत्रिका इतरांसारखीच असते. नोकरीच्या दारात तो दुय्यम ठरत नाही. गतिमान शिक्षणाला तेच साधावयाचे आहे.

प्राथमिकचा हा मार्ग पुढे माध्यमिक वर्गांपर्यंत नेण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि खरी कसोटी तेथे आहे. वरवर पाहता कृती तीच: सुट्ट्या कमी, तास अधिक, पुन्हा पुन्हा येणारे पाठ एकत्र, गौण विषय बाजूला. पण माध्यमिकचे सारेच दाबून बसविता येत नाही. बेरीज-वजाबाकी समजुतीने लवकर येते. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा आणि वेळ लागतो. अरबीतून शिकलेल्या मुलीला युगांडात इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकावे लागते, आणि भाषेची ही पायरी कोणत्याही वेळापत्रकाने गाळता येत नाही. शिवाय सतरा वर्षांची विद्यार्थिनी कदाचित एका मुलाची आई असते. तिला वर्ग हवा तो दुपारचा आणि घराजवळचा, आणि तान्ह्याला सांभाळणारे कोणी तरी हवे. फी हा आणखी एक अडसर. युगांडाने २००७ मध्ये सार्वत्रिक माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली खरी, तरी वह्या, गणवेश, जेवण आणि परीक्षा यांचा खर्च पालकांच्या माथी उरतोच. आमच्या मते माध्यमिकची चार वर्षे दोनांत कोंबण्याच्या हट्टापेक्षा, तीन लागली तरी चालतील पण भाषेचा पाया पक्का करावा, हे धोरण शहाणपणाचे. कमी वर्षांचा आकडा देणगीदारांना भुरळ घालतो. परीक्षेच्या खोलीत मात्र मूल एकटेच बसलेले असते.

आता यजमानांच्या मुलांकडे वळू. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीपैकी सुमारे ३० टक्के भाग स्थानिक समाजाच्या उपयोगी पडावा, असे सूत्र मानले गेले. २०१८ च्या सप्टेंबरात तेथील शिक्षण मंत्रालयाने निर्वासित आणि यजमान समाज या दोहोंसाठी मिळून बारा जिल्ह्यांची शिक्षण योजना जाहीर केली. निर्वासितांचा शिक्षणविचार देशाच्या शिक्षण मंत्रालयाने स्वतः अंगावर घेतला, हे आम्हांला त्यातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते. कारण त्या जिल्ह्यांतील स्थानिक मुलाची अवस्था फार वेगळी नसते. त्याचीही दोन वर्षे गुरांमागे किंवा शेतात गेलेली असतात, त्याच्या बहिणीचेही लग्न लवकर झालेले असते. गतिमान वर्गात त्याला जागा दिली नाही, तर वसाहतीतील नवी इमारत पाहून त्याच्या बापाच्या मनात काय येईल, हे सांगावयास नको. विहीर, सरपण आणि शाळा या तीन गोष्टींवरून शेजाऱ्यांत भांडणे होतात, हे आपण खेड्यांतली माणसे जाणतो.

कागदावर हे सारे चांगले आहे. प्रत्यक्षात एका वर्गात शंभराहून अधिक मुले बसतात. २०२० च्या मार्चपासून महामारीमुळे युगांडातील शाळा जवळजवळ दोन वर्षे पुरत्या उघडल्या नाहीत, आणि निर्वासितांबरोबर स्थानिक मुलेही एकदमच वर्षे हरवून बसली. २०२४ अखेरीस त्या देशात सतरा लाखांहून अधिक निर्वासित होते. २०२५ मध्ये धनिक देशांनी परदेशी मदतीत मोठी कपात केली, आणि त्याचा फटका अन्नापाठोपाठ शिक्षकांच्या वेतनाला बसला. गतिमान शिक्षणाचे शिक्षक बहुधा कंत्राटी असतात. पैसा आटला की पहिला तोच जातो, आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षी तुटला तर त्या मुलीच्या हाती पहिल्यापेक्षाही कमी उरते, कारण पुन्हा सुरुवात करावयास तिचे वय उरलेले नसते.

२०१९ च्या सप्टेंबरात, महायुद्धाच्या आरंभाला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, वळिवड्याला एक स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. लहानपणी तेथे राहिलेले काही पोलिश वृद्ध त्या समारंभास मुद्दाम आले होते. ऐंशी ओलांडलेली ती माणसे आपली बराक कोठे होती हे शोधीत हिंडली. न्याब्येयाच्या चर्चमध्ये मात्र शोधण्यासारखे फारसे नाही. पोलिश मंडळी गेल्यापासून तेथे आसपासच्या गावांतील युगांडाचे लोकच मिस्सासाठी जमतात, आणि ज्या जागेवर पोलिश वसाहत होती तेथे वनशिक्षणाचे महाविद्यालय आहे. त्याचे विद्यार्थी रोज त्या चर्चवरून येजा करतात.